ड्रोनची बॅटरी : स्वभाव आणि निगा



वसंत व्याख्यानमाला चैत्र-वैशाखात भरते, कारण रब्बीचा माल घरात आलेला असतो, खरिपाला अवकाश असतो आणि माणसाला चार गोष्टी ऐकण्याची उसंत असते. आजचा विषय वरवर पाहता या दिवसांचा नव्हे. फवारणीचा ड्रोन उडतो तो आषाढ-श्रावणात सोयाबीनवर, आणि पुढे कार्तिक-मार्गशीर्षात तुरीवर. सध्या तो बहुतेक ठिकाणी पेटीत बंद आहे. परंतु त्याच्या बॅटरीचे आयुष्य जितके उडण्याने झिजते, तितकेच किंवा त्याहून अधिक या रिकाम्या आणि कडक उन्हाच्या महिन्यांत झिजते. म्हणून हा विषय पावसाळ्यापर्यंत थांबवून ठेवणे बरोबर झाले नसते.

आपल्या भागात ड्रोन आला तो काही हौसेपोटी आला नाही. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या पिकात शिरणे किती महागात पडते, हे त्या वर्षी साऱ्या वऱ्हाडाने पाहिले. औषधाच्या तुषारांपासून माणूस दूर राहावा, ही ड्रोनची पहिली सोय. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने महिला बचत गटांना ड्रोन देण्याची 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. देशातील १५,००० गट हे तिचे उद्दिष्ट होते. किमतीच्या ८० टक्के, परंतु जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान, आणि उरलेल्या रकमेसाठी कर्जाची सोय असे तिचे स्वरूप होते. त्या सामानात मूळ बॅटरी-संचाखेरीज आणखी चार बॅटरी-संच धरले होते. ते का, तर दिवसाला वीस एकर फवारणी व्हावी, एक संच हवेत असताना दुसरा निवावा आणि तिसरा चार्जिंगला असावा म्हणून. याचाच अर्थ असा की, ड्रोनचा धंदा हा खरोखर बॅटऱ्यांचा धंदा आहे. पंखा तुटला तर तो थोड्या पैशांत बदलता येतो, पण बॅटऱ्या एका उन्हाळ्यात फुगल्या तर गटाचा पुढचा हंगाम बुडतो आणि कर्जाचा हप्ता मात्र राहतोच.

आणि प्रश्न केवळ पैशाचा नाही. ही बॅटरी ज्या घरात रात्री चार्जिंगला लागते, त्याच घरात मुले निजलेली असतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमधून चाललेल्या विजेवरच्या स्कूटरींनी पेट घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरात वसईस घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि एक सात वर्षांचा मुलगा प्राणास मुकला. स्कूटरची बॅटरी आणि ड्रोनची बॅटरी या एकाच कुळातल्या. हे सांगतो ते भिवविण्यासाठी नव्हे. नीट वागविलेली बॅटरी वर्षानुवर्षे निमूटपणे काम करते. पण नीट वागविणे म्हणजे काय, हे तिचा स्वभाव कळल्यावाचून कळत नाही.

प्रथम तिच्या पोटात किती शक्ती असते ते पाहू. दहा लिटरच्या पुष्कळ ड्रोनमध्ये सहा-सहा सेलच्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक अशा जोडलेल्या असतात, म्हणजे एकूण बारा सेल. एका सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, म्हणून बारांचा ४४.४ व्होल्ट. क्षमता २२ अँपिअर-तास धरली तर गुणाकार ९७७ वॅट-तास येतो, म्हणजे जवळजवळ एक युनिट वीज. वीजबिलात एका युनिटची किंमत ती काय! पण तेवढ्या शक्तीत सुमारे बारा लिटर पाण्याला उकळी येते. ड्रोन ही शक्ती दहा-पंधरा मिनिटांत खर्च करतो, आणि बॅटरी बिघडली तर ती त्याहूनही लवकर बाहेर पडू शकते. त्यात आतल्या द्रवाचे जळणे मिळवावे लागते, ते वेगळेच.

आता आतली रचना. एका सेलमध्ये तांब्याचा पातळ पत्रा असतो, त्याच्यावर ग्राफाइटचा लेप. दुसरा पत्रा ॲल्युमिनियमचा, त्याच्यावर निकेल, मँगनीज, कोबाल्ट अशा धातूंच्या संयुगाचा लेप. दोहोंमध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो, आणि तो माणसाच्या केसाहूनही कितीतरी बारीक असतो. हे सारे एका ज्वालाग्राही द्रवात भिजवून चांदीच्या रंगाच्या पाकिटात बंद केलेले असते. चार्ज करताना लिथियमचे कण पडद्यातून पार होऊन ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात, आणि काम करताना ते परत फिरतात. या शोधामागील संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ मध्ये सोनी कंपनीने अशी बॅटरी प्रथम बाजारात आणली. एवढीशी वजनाची वस्तू इतकी वीज साठविते म्हणूनच ड्रोन उडू शकतो. पण शक्ती आणि विस्तव यांच्यामध्ये आहे तो एक बारीक पडदा, हे मनात पक्के धरून ठेवावे. पुढचे सगळे नियम त्या पडद्याच्या रक्षणाचे आहेत.

आपल्या घरांत बॅटरीविषयी एक शहाणपण पूर्वीपासून आहे, आणि ते ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून आलेले आहे. शिशाच्या त्या बॅटरीला रिकामे ठेवले की तिच्या पाट्यांवर थर धरतो आणि ती मरते, म्हणून 'बॅटरी नेहमी भरलेली ठेवावी' असे वडीलधारे सांगत आले. त्या बॅटरीपुरते ते अगदी खरे आहे. दुसरे शहाणपण जुन्या निकेलच्या सेलवरून आले की, पूर्ण रिकामी केल्याशिवाय पुन्हा चार्ज करू नये. लिथियमच्या बॅटरीला ही दोन्ही सूत्रे मारक आहेत. तिला भरलेपण सोसत नाही आणि रितेपणही सोसत नाही. तिला मध्यम स्थिती मानवते.

भरलेल्या अवस्थेत काय होते? पूर्ण भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. त्या दाबाखाली आतला द्रव लेपांशी हळूहळू झगडत राहतो. त्यातून वायू निर्माण होतो, क्षमता घटते आणि पाकीट फुगते. उष्णता ही या झगड्याची मोठी मदतनीस. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की, तापमान दहा अंशांनी वाढले की अशी क्रिया सुमारे दुप्पट वेगाने चालते. वाशीमच्या मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीत तो त्याहूनही वर असतो. तुरीची शेवटची फवारणी आटोपल्यावर बॅटऱ्या पूर्ण भरून, 'आता पावसाळ्यात तयार मिळतील' म्हणून टिनाच्या खोलीत ठेवल्या, तर पावसाळ्यात मिळतात त्या फुगलेल्या बॅटऱ्या. यात कोणाचा आळस नसतो. उलट ती काळजीच असते, पण ट्रॅक्टरच्या बॅटरीला शोभणारी.

यावर उपाय सोपा आहे. दोन-तीन दिवसांहून अधिक काळ ड्रोन उडणार नसेल, तर बॅटरी निम्म्यावर आणून ठेवावी. प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर असावा, म्हणजे सहा सेलच्या बॅटरीचा दाब २३ व्होल्टच्या आसपास यावा. चांगल्या चार्जरवर यासाठी 'स्टोरेज' नावाची निराळी सोय असते. ती निवडली की चार्जर बॅटरी भरलेली असेल तर उतरवितो आणि उतरलेली असेल तर चढवितो. काही नव्या बॅटऱ्यांत हे काम आपोआप होते, पण आपली बॅटरी त्यांपैकी आहे की नाही हे माहितीपुस्तकात पाहून घ्यावे, गृहीत धरू नये. महिन्यातून एकदा दाब मोजावा, आणि तो २२ व्होल्टकडे उतरलेला दिसला तर पुन्हा २३ पर्यंत आणावा.

ठेवण्याची जागा ओळखण्याची एक खूण सांगतो : जेथे भर दुपारी माणसाला बसवत नाही, तेथे बॅटरी ठेवू नये. जाड भिंतींची, सावलीची, कोरडी खोली चांगली, मात्र ती निजण्याची किंवा स्वयंपाकाची नसावी. धातूच्या पेटीत बॅटऱ्या एकमेकींना न भिडता ठेवाव्यात, टोकांवर झाकणे असावीत आणि पेटी हवाबंद नसावी, कारण वायू कोंडला तर पेटीच फुटते. शेजारी किल्ल्या, खिळे, तारा नकोत. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर बॅटरी घटकाभरही सोडू नये.

आता दुसरे टोक, रितेपणाचे. सेल तीन व्होल्टच्या खाली गेला की त्याची हानी होऊ लागते. तो आणखी खाली जाऊन पडून राहिला, तर तांब्याचा पत्रा द्रवात विरघळू लागतो. अशी बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावली की ते तांबे नको त्या जागी जाऊन बसते आणि आतल्या आत दोन्ही टोके जोडली जाण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून पार मेलेली बॅटरी दुसऱ्या चार्जरने 'झटका देऊन' जिवंत करण्याचा जो उद्योग काही ठिकाणी चालतो, तो विस्तवाशी खेळ आहे. उडताना वीस ते तीस टक्के शिल्लक असतानाच ड्रोन खाली घ्यावा. धुऱ्यापर्यंतच्या दोन ओळी राहिल्या म्हणून ताणू नये. त्या दोन ओळींच्या मोबदल्यात बॅटरीचे आयुष्य जाते, आणि ड्रोन पडला तर तोही जातो.

चार्जिंगची क्रिया अशी चालते. आरंभी चार्जर ठराविक प्रवाह देत राहतो आणि सेलचा दाब चढत जातो. तो ४.२ ला पोहोचला की चार्जर दाब तेथेच धरून ठेवतो आणि प्रवाह हळूहळू कमी करीत नेतो. दाब ४.२ च्या पुढे गेला तर लिथियम ग्राफाइटच्या थरांत न मावता त्याच्यावर धातूच्या रूपात साचू लागते, आणि त्याचे काटे पडद्याला टोचू शकतात. शेवटच्या टप्प्यात काटेकोरपणा लागतो तो यासाठी. येथे स्वस्तातला किंवा भलत्याच जातीच्या बॅटरीचा चार्जर चालत नाही.

आणखी एक अडचण आहे. सहा सेल एका ओळीत जुंपलेले असतात, आणि सहा बैलांप्रमाणे ते सारख्या ताकदीचे राहत नाहीत. दुबळा सेल सर्वांआधी भरतो आणि सर्वांआधी रिता होतो. बेरीज २५.२ बरोबर दिसते, पण तिच्यात एक सेल ४.३ वर आणि दुसरा ४.१ वर असू शकतो. यासाठी बॅटरीला जाड तारांखेरीज बारीक तारांचा एक गुच्छ असतो. तो चार्जरला जोडला म्हणजे प्रत्येक सेलचा दाब निराळा कळतो आणि चार्जर पुढे गेलेल्यांना थोपवून सर्वांना एका पातळीवर आणतो. ज्या बॅटरीचा असा गुच्छ बाहेर असतो, तिला तो न जोडता केवळ जाड तारांवर घाईने चार्ज करणे म्हणजे डोळे बांधून गाडी हाकणे होय. पूर्ण चार्ज झाल्यावरही दोन सेलमध्ये पाच शतांश व्होल्टहून जास्त फरक वारंवार दिसू लागला, तर ती बॅटरी थकली असे समजावे.

प्रवाह किती द्यावा? साधारण नियम असा की, जितक्या अँपिअर-तासांची बॅटरी तितके अँपिअर, म्हणजे २२ ला २२. त्याहून वेगाने चार्ज करण्याची मुभा बनविणाऱ्याने लेखी दिली असेल तरच ती घ्यावी. चार्जर सुरू करण्यापूर्वी बॅटरीची जात, सेलची संख्या आणि प्रवाह हे तीन आकडे मोठ्याने वाचावेत. दोघीजणी असल्यास एकीने वाचावे आणि दुसरीने पाहावे. निम्म्या चुका येथेच टळतात.

हंगामात सर्वांत अधिक चुकते ते तापलेल्या बॅटरीविषयी. दहा लिटर औषध उचलून उतरलेली बॅटरी हाताला चांगलीच गरम लागते. पुढचा शेतकरी वाट पाहत उभा असतो आणि ती तशीच चार्जरला लागते. दिवसातून दोन-चारदा असे झाले की दोन हंगामांचे आयुष्य एकाच हंगामात संपते. बॅटरी सावलीत अर्धा तास तरी ठेवावी, आणि हाताला थंड लागल्यावरच चार्जिंगला घ्यावी. चाळीस अंशांच्या पुढे चार्ज करू नये, असे साधारणपणे सांगतात. निवविण्यासाठी तिच्यावर पाणी ओतू नये, तिला बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवू नये. चार-पाच संच दिलेले आहेत ते या थांबण्यासाठीच. चार्जिंगपूर्वी टोकांवरील औषधाचे डाग व धूळ कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी.

चार्जिंगची जागा मोकळ्या हवेची, सावलीची, सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीची असावी. खाट, गादी, पोते, लाकडी फळी यांच्यावर बॅटरी ठेवू नये. सोयाबीनचे कुटार, पऱ्हाटी, कापूस, पेट्रोलचा डबा, औषधांच्या बाटल्या या सर्वांपासून ती दूर असावी. ओसरी सोयीची खरी, पण घराला बाहेर पडण्याचे दार एकच असेल तर त्या दाराशी बॅटरी लावू नये, कारण आग लागली तर आतल्यांची वाटच बंद होते. आणि एक नियम असा की त्याला अपवाद करू नये : सर्वजण निजले असता बॅटरी चार्ज होता कामा नये. शेतीच्या विजेचे वेळापत्रक पुष्कळदा रात्रीचे असते, हे खरे. तरीही रात्री चार्ज करायचेच झाले, तर एकाने जागे राहून जवळ बसावे, आणि काम संपताच बॅटरी काढून घ्यावी.

दोन बॅटऱ्या एकदम चार्ज करणारा मोठा चार्जर हजार वॅटच्या पुढे वीज ओढतो. त्याला मोबाइलच्या बोर्डावर किंवा बारीक तारेच्या लांब जोडणीवर लावू नये. जाड पिनेचा आणि अर्थिंग असलेला सॉकेट हवा. शेतावर जनरेटर असेल तर तो आधी सुरू करून स्थिरावू द्यावा, मग चार्जर जोडावा. पेट्रोल भरताना जनरेटर बंद असावा आणि बॅटऱ्या त्याच्यापासून दूर असाव्यात.

एवढे सांभाळूनही एखादी बॅटरी बिघडतेच. फुगलेली, दबलेली, पाकीट चिरलेली किंवा गोडसर, झोंबणारा वास येणारी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, उडवू तर नयेच. फुगवटा दगडाखाली दाबून किंवा सुईने टोचून काढण्याचा विचारही मनात आणू नये, कारण तो बारीक पडदा अशा वेळी सर्वांत दुबळा झालेला असतो. ड्रोन पडला असेल, तर बॅटरी वरून धड दिसली तरी ती काढून उघड्यावर, घरापासून आणि गंजीपासून दूर, निदान एक दिवस नजरेखाली ठेवावी. आतली जखम कधी कधी काही तासांनी बोलू लागते.

आणि पेटलीच तर? पेटण्यापूर्वी बहुधा सूचना मिळते. बॅटरी एकाएकी तापते, फुगते, फुस्स असा आवाज येतो आणि पांढरा धूर निघतो. त्या क्षणी मेन स्विच जवळ आणि सुरक्षित असेल तर बंद करावा, पण बॅटरीला हात लावू नये. माणसे आणि गुरे आधी बाहेर काढावीत. तो धूर अतिशय विषारी असतो आणि स्वतःही पेटू शकतो, म्हणून तोंडाला ओले फडके बांधून आत शिरण्याचे धाडस करू नये. अग्निशमनासाठी १०१ किंवा ११२ ला फोन करावा. वाळू टाकल्याने ज्वाला पसरत नाही, पण बॅटरी थंड होत नाही. थंड करते ते पाणी, आणि तेही भरपूर. म्हणून वीज बंद झाल्याची खात्री करून, लांबून, वाऱ्याच्या वरच्या बाजूने पाणी मारावे. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, तेव्हा तिला लगेच घरात आणू नये. पेटीशेजारी वाळूच्या दोन बादल्या आणि ओसरीजवळ पाण्याची भरलेली टाकी असावी. याला खर्च फारसा नाही, लागते ती सवय.

निकामी बॅटरी उकिरड्यावर, विहिरीत किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाऊ नये. २०२२ मध्ये देशात बॅटरी-कचऱ्याचे नियम लागू झाले आहेत. वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्यांनुसार बनविणाऱ्यावर आहे. ज्याच्याकडून ड्रोन आला त्याच्याकडे तो हक्काने परत नेण्याची मागणी करावी.

शेवटी एक लहानशी सूचना. प्रत्येक बॅटरीवर रंगाने क्रमांक टाकावा आणि एक साधी वही ठेवावी : तारीख, कितवे चार्जिंग, उतरल्यावरचा दाब, सेलमधील फरक, काही विशेष. ज्या दोन बॅटऱ्या जोडीने उडतात त्या नेहमी जोडीनेच वापराव्यात. नवी आणि जुनी एकत्र जुंपली की जुनी लवकर रिती होते आणि तिच्यावर भलता ताण येतो. बचत गटाच्या भगिनींना हिशेबाची वही नवी नाही. पै-पैचा जमाखर्च ज्यांनी वर्षानुवर्षे ठेवला, त्यांना बॅटरीचा जमाखर्च अवघड वाटणार नाही. कोणती बॅटरी केव्हा थकली हे वहीत दिसले, म्हणजे ती हवेत असताना कळण्याची पाळी येत नाही.

सारांश इतकाच की, या वस्तूला अति सोसत नाही : अति भरणे नको, अति रिते करणे नको, अति ताप नको, अति घाई नको. आज वैशाखातली संध्याकाळ आहे. ज्यांच्या घरी ड्रोनची पेटी आहे, त्यांनी उद्या सकाळी ऊन चढण्यापूर्वी ती उघडावी, एकेका बॅटरीचा दाब मोजावा, फुगलेली असेल ती वेगळी काढावी, भरलेली असेल ती निम्म्यावर आणावी, आणि पेटी टिनाखालून सावलीच्या खोलीत हलवावी. तासाभराचे काम आहे. मृगाचा पाऊस पडेल तेव्हा तो तास कामी आलेला दिसेल.